उलटी उजळणी

विधी महाविद्यालयात त्यांना सगळे हरकतबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण इतक्या मोठ्यानं की ते त्यांच्या कानावर पडायला कधी अडचण आली नाही. वर्गात, बैठकीत, अगदी जिन्यातसुद्धा कोणी काही ठाम बोललं की बाईंचा हात वर जाई आणि शब्द निघत, "हरकत आहे." घरी नवरा "आज फार उकडतंय" म्हणाला तरी "कशावरून?" असं विचारणारी बाई. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी बघायची सवय असल्यामुळे बायकोचं तोंड उघडं राहिलं तर त्याला काही वाटत नसे.

बाईंच्या नावावर एक जाडजूड ग्रंथ होता. विषय, कबुलीजबाब. माणूस न केलेला गुन्हा का कबूल करतो, दमलेला, घाबरलेला, एकटा पडलेला माणूस काय काय बोलून जातो, आणि म्हणून नुसत्या कबुलीवर कोणालाही दोषी का धरू नये, हे त्यात इतकं सविस्तर लिहिलं होतं की विद्यार्थी त्या ग्रंथाला 'उशी' म्हणत. वाचणारे थोडे, त्यावर डोकं टेकून झोपणारे बरेच.

आणि दुसरीकडे त्या किशोरांसाठी रहस्यकथा लिहीत. त्या मात्र पोरं हातोहात पळवत. नायिका शाळकरी मुलगी, सगळीकडे नाक खुपसते म्हणून तिचं नावच खुपशी पडलेलं. प्रत्येक कादंबरीत शेवटून दुसऱ्या प्रकरणात चोर सगळ्यांसमोर उभा राहून गुन्हा कबूल करी. बाईंनी सुरुवातीला प्रकाशकाशी यावरून वाद घातला होता. प्रकाशक म्हणाला होता, "बाई, तुमच्या ग्रंथात काय हवं ते करा. पोरांना कबुली लागते. नाहीतर ती पुस्तक भिंतीवर फेकतील." बाईंनी कुरकुर केली आणि कबुली लिहिली. मग दर वर्षी लिहीत गेल्या. मागच्या मुखपृष्ठावर प्रकाशकानं छापलं, 'लेखिका पुराव्याच्या कायद्याच्या अधिकारी अभ्यासक आहेत.' तेव्हा मात्र बाईंनी हरकत घेतली नाही. वाचायला बरं वाटत होतं.

तर एके दिवशी एका शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका बोलत होत्या. आवाज अगदी साखरेत घोळलेला.

"मॅडम, तुमच्या पुस्तकामुळे आमच्या शाळेतला चोर पकडला गेला! मुलांच्या शोधपथकाचा सत्कार ठेवलाय. तुमच्याच हातून व्हायला हवा."

बाईंना वाटलं, बोलायची पद्धत असेल. पुस्तक वाचून पोरांना हुरूप आला असेल, कोणाची हरवलेली पेन्सिल सापडली असेल. त्या हो म्हणाल्या. सत्काराच्या दिवशी निघताना नवरा म्हणाला, "चला, कोणीतरी तुझं पुस्तक जागं राहून वाचलं म्हणायचं." बाईंनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि टॅक्सीत जाऊन बसल्या.

शाळेत सगळे मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणत, आणि त्या तशा होत्याही. टेबल मोठं, खुर्ची मोठी, टेबलावरची घंटा मोठी. त्यांनी पुष्पगुच्छ दिला, चहा मागवला आणि हकिकत सुरू केली. कचेरीबाहेरच्या काचेच्या कपाटातून वक्तृत्व स्पर्धेचा फिरता चषक गेला होता. चांदीचा. यंदा या शाळेनं जिंकलेला, म्हणजे पुढच्या वर्षी परत करायचा. कपाटाचं कुलूप शाबूत, चषक गायब.

"माझी झोप उडाली हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या शाळांना काय तोंड दाखवायचं? आणि मग आमच्या शोधपथकातल्या मुलीनं तुमचं पुस्तक आणून दिलं. उलटी उजळणी!"

हरकतबाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

उलटी उजळणी ही खुपशीची युक्ती होती. संशयितानं आपला दिवस आधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांगायचा, मग लगेच संध्याकाळपासून सकाळपर्यंत उलटा. खरं बोलणारा सहज सांगतो, खोटं बोलणारा अडखळतो. कादंबरीत ती झकास चालली होती. चालणारच, कारण अडखळायचं कोणी हे बाईच ठरवत होत्या. ती युक्ती कुठल्या संशोधनातून आली नव्हती. नवऱ्याच्या दवाखान्यात त्याची वाट बघत बसल्या असताना, आत कोणाची तरी दाढ निघत होती तेव्हा सुचली होती.

"तुम्ही ती मुलांवर वापरली?" बाईंनी विचारलं.

"शंका होती त्या चौघांवर. इथेच, माझ्यासमोर. पथकानं प्रश्न विचारले, अगदी पुस्तकातल्यासारखे. आणि एक मुलगी अशी काही अडखळली म्हणता! शाळेतून घरी गेली की घरून शाळेत आली, तेच सांगता येईना. घाम फुटला तिला."

"बाकीचे तिघं?"

"अडखळले थोडे. पण ती चांगल्या घरची मुलं आहेत."

"आणि ही?"

मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "वडील किल्ल्या बनवतात. नाक्यावर टपरी आहे त्यांची. कुलूप शाबूत होतं म्हटलं ना मी? आता तुम्हीच सांगा."

हरकतबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी पोर. समोर टेबल, घंटा, मोठ्या बाई, प्रश्नांवर प्रश्न विचारणारं शोधपथक. तिच्या जागी या मोठ्या बाईंना उभं केलं असतं तर त्यांना स्वतःचं नाव तरी धड आठवलं असतं का? किल्लीवाल्याची मुलगी, म्हणून चोर. मग दंतवैद्याची बायको कोण, दात उपटून विकणारी?

"मॅडम, ही चाचणी खोटी आहे," त्या म्हणाल्या. "मी बनवलेली आहे. गोष्टीसाठी."

मोठ्या बाई समजूतदारपणे हसल्या. "तुम्ही फारच विनयानं बोलता. पुस्तकाच्या मागे छापलंय की, पुराव्याच्या कायद्याच्या अभ्यासक. ते वाचूनच तर मी परवानगी दिली. उगाच कोणा लेखकाचं ऐकून मी असं करेन का? आणि मुख्य म्हणजे, मुलीनं कबूल केलंय. दुसऱ्या दिवशी. स्वतःहून!"

ते मागचं मुखपृष्ठ बाईंना थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"तिचं काय करणार आहात?"

"आज सभागृहात ती सगळ्यांसमोर कबुली देईल. मग तुमच्या हस्ते पथकाचा सत्कार. मग मी तिचं नाव शाळेतून काढल्याचं जाहीर करेन. मुलांना धडा मिळायला हवा ना? तुमचं शेवटून दुसरं प्रकरण डोळ्यांसमोर ठेवूनच आखलंय सगळं." एवढं बोलून मोठ्या बाईंनी शाबासकीच्या अपेक्षेनं पाहिलं.

हरकतबाई भांडल्या. ग्रंथात जे जे लिहिलं होतं ते सगळं त्यांनी तिथे ओतलं. मूल घाबरतं, मूल मोठ्यांना हवं तेच बोलतं, कबुलीला दुसऱ्या कशाचा तरी आधार लागतो. मोठ्या बाई मान डोलवत राहिल्या, आणि मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मुलं खोळंबलीयत. हे सगळं तुम्ही भाषणात सांगा ना, छान होईल." घंटा वाजली. विषय संपला.

बाहेर व्हरांड्यात, त्या रिकाम्या कपाटासमोरच्या बाकावर मुलगी बसली होती. गणवेश स्वच्छ, वेणी घट्ट, नजर बुटांवर. शेजारी वडील, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. वडिलांच्या बोटांना धातूचा काळपट रंग चढलेला होता आणि ते हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती. तेही तिच्याकडे बघत नव्हते. बाई थांबल्या, पण मोठ्या बाईंनी "या, या" करत त्यांना पुढे नेलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर खुर्च्या, हार घातलेला माईक, बिल्लेवाल्या पथकाची रांग. किल्लीवाल्याला मंचाच्या पायरीजवळ वेगळी खुर्ची दिली होती, सगळ्यांना दिसेल अशी. मुलीला मंचाच्या कडेला उभं केलं होतं. स्वागत झालं, कौतुक झालं, पाहुण्यांच्या विद्वत्तेबद्दल चार खोटी आणि दोन खरी वाक्यं झाली. मग माईक हरकतबाईंकडे आला.

"मी भाषण करणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी माझी उलटी उजळणी घ्या."

पोरांमध्ये खसखस पिकली. पथकप्रमुख पुढे आली, दोन पोनी बांधलेली, चुणचुणीत, बिल्ला सगळ्यांत मोठा. तिला हे स्वप्नवत वाटत असणार. पुस्तकाची लेखिका आणि प्रश्न विचारणार ती! तिनं घसा साफ केला. "आजची सकाळ सांगा. सुरुवातीपासून."

बाईंनी सांगितलं. उठले, चहा केला, नवऱ्याशी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून वाद झाला, आंघोळ केली, चष्मा सापडेना, तो फ्रिजवर सापडला, विद्यापीठातून फोन आला, टॅक्सी बोलावली, इथे आले.

"आता उलटं!"

बाईंनी मनापासून प्रयत्न केला. इथे आले, टॅक्सी, फोन... त्याआधी आंघोळ. नाही, चष्मा. चष्मा शोधताना फोन वाजला का? मग वाद झाला तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता की नव्हता? चहा आंघोळीनंतर झाला, नाही, आधी...

"चूक!" पथकप्रमुख आनंदानं ओरडली. "आधी म्हणालात चहा पहिला! आणि फोन नंतर!"

"मग? काय ठरलं?" बाईंनी सभागृहाला विचारलं. "चोर कोण?"

"तुम्ही!" सगळं सभागृह ओरडलं आणि हसण्याचा एकच गलका झाला.

"बरोबर. चषक मी घेतला. या इमारतीत मी आज पहिल्यांदा पाय ठेवला, तरीही चषक मीच घेतला. कारण मला चहा आधी की आंघोळ हे उलटं सांगता आलं नाही." त्या वळल्या. "मोठ्या बाई, आता तुमची पाळी."

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. "हे काय मॅडम? हा पोरखेळ आहे."

"अगदी हाच शब्द मी मघापासून शोधत होते."

मागच्या बाकांवरच्या मुलांनी बाकं बडवली. दोन शिक्षकांच्या ओठांच्या कडा हलल्या. बाईंना वाटलं, जिंकलं. कोर्टात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या त्या. जन्मभर दुसऱ्यांच्या खटल्यांवर लिहिलं होतं. आज पहिल्यांदा एक खटला आपल्या हातानं उलटवला असं वाटून त्यांची मान जरा ताठ झाली.

तेवढ्यात मोठ्या बाईंनी माईक काढून घेतला. "चाचणीचं सोडा. चाचणी चुकली असेल. पण कबुलीचं काय? कोणी जबरदस्ती केली नाही. तिच्याच तोंडून ऐका." आणि त्यांनी माईक मुलीच्या तोंडापाशी नेला.

"हरकत आहे!" बाई ओरडल्या. पण माईक आता मुलीकडे होता.

मुलीनं बुटांवरची नजर वर केली. स्पष्ट आवाजात, पाठ केलेल्या कवितेसारखं ती म्हणाली, "चषक मी घेतला. मला माझी चूक समजली आहे. मला क्षमा करा."

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. खुपशीच्या पुस्तकात अशाच टाळ्या वाजतात हे त्या पोरांना पाठ होतं. सभागृह दणाणलं. आणि हरकतबाईंनी पाहिलं की मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल पडला. एखादा अवघड पेपर देऊन बाहेर आल्यासारखी ती श्वास सोडत होती.

"पाहिलंत?" मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंनी पाहिलं होतं. त्यांनी पुढे होऊन माईक घेतला, बंद केला, आणि गुडघे कुरकुरत असतानाही मंचाच्या पायरीवर मुलीच्या शेजारी बसल्या. नऊशे पानांच्या उशीत त्यांनी एक अख्खं प्रकरण एकाच गोष्टीवर लिहिलं होतं. कबुली खरी की खोटी हे बघायचं तर गुन्हेगारालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा.

"बाळा," त्या हळूच म्हणाल्या, "चषक कुठे आहे?"

मुलीनं त्यांच्याकडे गोंधळून पाहिलं. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. पथकानं नाही, मोठ्या बाईंनी नाही, कोणीच नाही. कबुली मिळाल्यावर सगळे इतके खूश झाले होते की चषक शोधायचं राहूनच गेलं होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"घेतलास ना तू? मग ठेवलास कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं ना?" मुलगी म्हणाली. "ते शेवटच्या प्रकरणात खुपशी सांगते. चोर नाही सांगत."

पुढच्या दोन रांगांनी ते ऐकलं. त्यांनी ते मागच्यांच्या कानात सांगितलं आणि कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"मग कबूल का केलंस गं?"

"कबूल केलं की सगळे टाळ्या वाजवतात. मग कोणी काही विचारत नाही." तिनं थोडं थांबून विचारलं, "मी नीट म्हटलं ना?"

हे पुस्तक बाईंनीच लिहिलं होतं, ओळ न् ओळ. मोठ्या बाईंवरचा राग होता तसाच होता, पण आता त्याला आणखी एक घर मिळालं होतं, आणि ते फार जवळ होतं.

वेगळ्या खुर्चीवरचा माणूस उठला. किल्लीवाला पायरीपाशी आला.

"मीसुद्धा नाही विचारलं," तो मुलीला म्हणाला. "कप कुठे आहे, एवढंसुद्धा नाही विचारलं मी तुला. शाळेतून म्हणाले, चाचणी कायद्याच्या पुस्तकातली आहे. मी नुसतं मारलं गं तुला." आणि एवढा मोठा माणूस सगळ्या शाळेसमोर मटकन पायरीवर बसला.

हरकतबाई उठल्या. माईक चालू केला आणि मोठ्या बाईंच्या हातात दिला. "या मुलीचं नाव शाळेतून काढणार नाही, हे आत्ता सांगा."

मोठ्या बाई अवतीभोवती बघत राहिल्या. मग माईकवर म्हणाल्या, "काही गैरसमज झाला होता. तो आता—"

"हरकत आहे. गैरसमज नाही. अन्याय. पुन्हा बोला."

"मॅडम, सगळ्यांसमोर—"

"तिला सगळ्यांसमोर उभं केलंत, तेव्हा हे सभागृह रिकामं नव्हतं. बोला."

मोठ्या बाई बोलल्या. दात आवळून, तुटक तुटक, पण बोलल्या. आमच्याकडून अन्याय झाला. मुलगी याच शाळेत राहील. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुस्तकात असं काही नव्हतं, त्यामुळे इथे काय करायचं हे पोरांना कळेना. सत्काराची तबकं तशीच टेबलावर राहिली आणि वर्ग रांगेनं बाहेर पडू लागले.

मुलगी मंचावरून उतरली. वडिलांचा हात धरला नव्हता, पण ते आता तिच्या शेजारी चालत होते. दारापाशी पथकप्रमुख उभी होती. दोघी एका वर्गातल्या, बहुधा एका बाकावरच्या.

"उद्या माझ्या शेजारी बसशील?" मुलीनं विचारलं.

पथकप्रमुखानं बिल्ल्याशी चाळा केला. ती वाईट पोर नव्हती. पण ती खुपशीची प्रत्येक कादंबरी वाचून मोठी होत होती, आणि त्यात खरा चोर सापडल्याशिवाय कोणावरचाही संशय कधी फिटत नसे. तिनं हरकतबाईंकडे बघितलं, जणू उत्तर त्यांना ठाऊक असणार, आणि मग म्हणाली, "आधी खरा चोर सापडू दे."

कायद्यात 'माहीत नाही' हे उत्तर चालतं. माणूस निर्दोष आहे हे सिद्ध करायला दुसरा कोणी दोषी सापडावा लागत नाही. एवढी साधी गोष्ट बाईंनी वकिलांना शिकवली, न्यायाधीशांना शिकवली, आणि जे मन लावून वाचत होते त्या पोरांना मात्र दर वर्षी उलटंच शिकवलं.

"तुमचा वर्ग कितवा?" त्यांनी विचारलं.

"आठवी. ब." पथकप्रमुख म्हणाली. "का?"

"उद्या मी बसते तिच्या शेजारी," हरकतबाई म्हणाल्या. "चोर सापडला नाही तरी बसते."

पथकप्रमुखाला वाटलं, मोठी माणसं असं म्हणतात. मोठ्या बाईंनाही तसंच वाटलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, फक्त म्हणाला, "मग तुझी उद्याची व्याख्यानं?" बाई म्हणाल्या, "वाचू देत मुलांना उशी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्या आठवी ब मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. गणिताचे सर खडू हातात घेऊन बघतच राहिले. खिडकीजवळच्या बाकावर ती मुलगी एकटी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन, निघायचीच तयारी असल्यासारखी. बाक फारच बुटका होता. बाईंचे गुडघे त्याखाली जाईनात, पर्स कुठे ठेवायची कळेना, आणि अख्खा वर्ग तोंडावर हात ठेवून हसत होता. बाईंनी सगळ्यांकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी थांबलं.

मग मुलीनं दप्तर मांडीवरून काढलं, बाकाखाली ठेवलं आणि ती जरा सरकली.